आधी पाण्याचा ताळेबंद, मग उसाची नोंद



दरवर्षी ऊस नोंदणीचे दिवस आले की शेतकी खात्याचे कर्मचारी आपल्या बांधावर येतात. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, जात कोणती, लागण कोणत्या तारखेची, पाणी विहिरीचे की पाटाचे, हे सर्व विचारून नोंद घेतली जाते. पूर्वी साखळी टाकून मोजणी होत असे. आता हातात मोबाईल घेऊन बांधाने एक फेरी मारली की क्षेत्र पुढे येते. त्या नोंदीवरच तोडणीचा कार्यक्रम बसतो आणि टोळ्या-वाहनांची जुळणी होते. थोडक्यात, गावातला ऊस कारखान्याला गुंठ्यापर्यंत ठाऊक असतो.

परंतु त्याच गावात ज्वारी किती, बाजरी किती, तूर-हरभरा किती, गोठ्यातल्या जनावरांना वैरण किती महिने पुरेल आणि विहिरींना पाणी किती उरले आहे, असे विचारले तर एका जागी उत्तर मिळत नाही. कारखान्याकडे नाही, सोसायटीकडे नाही, पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीकडेही नाही. उरलेल्या या अर्ध्या हिशेबाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

"साहेब, तुम्ही ऊसवाले. तुम्हाला ज्वारी-बाजरीशी काय देणंघेणं?" असे कोणीही म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे. २०१८-१९ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १०७ लाख टन साखर झाली. पुढच्याच, २०१९-२० च्या हंगामात ती ६२ लाख टनांच्या आत आली. मध्ये २०१८ चा दुष्काळ होता, आणि कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ चा महापूर. आपल्या नगर जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात जनावरांच्या छावण्या पडल्या आणि उभा ऊस चाऱ्यासाठी तुटला. ज्या वर्षी गावाकडे वैरण नसते, त्या वर्षी कारखान्याकडे ऊसही नसतो. म्हणून गावाच्या दाण्या-वैरणीचा हिशेब हा ऊस विकासाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

मोजणी आपल्याला नवी नाही

जमीन मोजणे, प्रत ठरवणे, पिकाची नोंद ठेवणे या गोष्टी आपल्या मुलखाला नवीन नाहीत. नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीस जमिनीची पाहणी करून, तिच्या प्रतीप्रमाणे सारा बसवला. त्याची कीर्ती आजही इतिहासात आहे. पुढे इंग्रजी अमलात १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. आजचा सर्व्हे नंबर त्या परंपरेतला. सातबाऱ्यावर पीक पाहणी चढवण्याचे काम तलाठी भाऊसाहेब वर्षानुवर्षे करीत आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवरून, उभ्या पिकाचा फोटो काढून, ती नोंद करता येऊ लागली.

यातली एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. या सर्व मोजण्या वर पाठवण्यासाठी झाल्या. सारा ठरवायला, कर्ज द्यायला, पंचनामा करायला किंवा तोडणीची तारीख लावायला त्या उपयोगी पडल्या. उसाची आमची नोंदही त्याच जातीची. गावाने स्वतः मोजावे, मोजलेले चावडीवर सर्वांसमोर वाचावे आणि त्यावरून यंदा काय पेरायचे ते ठरवावे, असे मात्र फार थोड्या ठिकाणी झाले. त्यातले एक ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे.

हिवरे बाजारने काय केले

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेतले. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली आणि माणसे कामासाठी बाहेर पडली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांतून डोंगरावर चर खोदले गेले, झाडे लागली, बंधारे झाले. ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. श्री. पवार यांना २०२० सालची पद्मश्रीही मिळाली.

बंधारे तर पुष्कळ गावांत झाले. मग हिवरे बाजारचेच पाणी का टिकले? आमच्या मते याचे उत्तर तेथील हिशेबात आहे. गावात पर्जन्यमापक आहेत. ठरलेल्या विहिरींची पातळी मोजली जाते. भूजल सर्वेक्षण खात्याच्या मदतीने गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, त्यातला जमिनीत किती मुरला, माणसांना व जनावरांना पिण्यासाठी किती ठेवायचा आणि उरलेल्यात कोणते पीक किती घ्यायचे, हे ग्रामसभेत सांगितले जाते. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याच्या पिकांना त्या वर्षी सुट्टी. आणि मुख्य म्हणजे, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, आणि ऊस व केळी लावायची नाहीत, असा गावाचा नियम आहे.

ऊस लावायचा नाही, हे वाक्य आमच्या हातून या अंकात लिहिले जात आहे याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. हिवरे बाजार हे कालव्याचे गाव नाही. त्याचा नियम जसाच्या तसा प्रत्येक गावाने उचलावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या हिशेबाने ते गाव त्या निर्णयाला आले, तो हिशेब प्रत्येक गावाने करावयास हवा. आलेले उत्तर प्रत्येकाचे वेगळे असेल.

एका गावाचे गणित

आता आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू. समजा, एक गाव आहे. क्षेत्र १,००० हेक्टर, म्हणजे अंदाजे अडीच हजार एकर. लोकसंख्या २,०००. मोठी जनावरे १,०००. कालवा नाही. पाऊस ४०० मिलिमीटर.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने गावात वर्षाला ४०० कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातले बरेचसे उन्हाने उडते, काही पिके व गवत पितात, काही ओढ्याने निघून जाते. आपल्या काळ्या पाषाणात मुरणारा वाटा लहान. समजा तो १० टक्के धरला, तर विहिरींच्या वाट्याला आले ४० कोटी लिटर.

माणशी रोज ५५ लिटर धरल्यास २,००० माणसांना वर्षाला ४ कोटी लिटर लागतात. जनावरामागे रोज ६० लिटर धरले तर सव्वादोन कोटींच्या जवळपास. म्हणजे पिण्याचे सव्वासहा कोटी बाजूला ठेवले की शेतीला उरले सुमारे ३४ कोटी लिटर.

पाटाने मोकळे पाणी दिलेल्या उसाची वर्षाची गरज ढोबळ मानाने २,५०० मिलिमीटर धरतात. एकरी ते १ कोटी लिटर होते. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी ८५ लाख लिटर विहिरीतून उपसावेच लागते. आता ३४ कोटींना ८५ लाखांनी भागा. उत्तर येते ४०. अडीच हजार एकरांच्या गावात ४० एकर ऊस लावला की विहिरी कोरड्या! कांद्याला, गव्हाला, घासाला थेंब नाही. वास्तविक अशा गावात उसाची नोंद याच्या कितीतरी पट असते. मग ते पाणी कोठून येते? मागच्या वर्षांच्या शिल्लकेतून, शेजारच्या गावाच्या वाट्यातून आणि पाचशे-सातशे फुटांच्या बोअरमधून. बँकेत शिल्लक नसताना चेक फाडावा, तसे हे आहे.

रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाणी दिले, प्रत्येकी साडेसात सेंटिमीटर, तर एकरी ६ लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकर उसाच्या विहिरीच्या पाण्यात १४ एकर ज्वारी भिजते. एकरी ८ क्विंटल धरले तर ११२ क्विंटल दाणे. पाच माणसांच्या घराला वर्षाला ५ क्विंटल ज्वारी पुरली, तर २२ घरांची भाकरी झाली. शिवाय कडबा वेगळाच.

म्हणून काय उसाला रामराम ठोकायचा? मुळीच नाही. मुलांचे शिक्षण, लेकीचे लग्न, सोसायटीची बाकी, घराचा स्लॅब, हे सारे उसाच्या बिलातून होते. ज्वारीच्या पोत्यातून ते होत नाही, हे आम्ही जाणतो. ज्वारीला खात्रीचा भाव नसतो आणि काढणीला मजूर मिळत नाही, हेही खरे. आमचे म्हणणे इतकेच की, ४० एकराचे पाणी असेल तर ते ४० एकर कोणाचे, किती आणि कसे भिजवायचे हे डोळे उघडे ठेवून ठरवावे. ठिबकावर एकरी पाणी निम्म्याच्या आसपास आणता येते. पण ठिबक बसवले आणि वाचलेल्या पाण्यावर पुन्हा दुसरा एकर लावला, तर विहिरीचे काय वाचले? वाचलेल्या पाण्यातले निदान निम्मे ज्वारी-हरभऱ्याला आणि वैरणीला द्यावे. तरच ठिबकाला केलेला खर्च गावाच्या कामी आला असे म्हणता येईल.

आडसालीचा पेच

येथे एक अडचण आहे आणि ती आमच्याच धंद्यातली आहे. पावसाचा हिशेब लागतो ऑक्टोबरात. आडसाली लागण होते जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे पगार हाती येण्याआधीच खर्च करून मोकळे होण्यासारखे झाले. आणि आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. एका लागणीने अख्खा उन्हाळा आणि त्यापुढचा पावसाळाही बांधून घेतला.

पाटाखालच्या सभासदांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, तेव्हापासून प्रवरेच्या काठी पाणी खात्रीचे मानले गेले. मुळा धरणाने २६ टीएमसीची भर घातली. परंतु २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले. २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले आणि त्याप्रमाणे नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडलेही गेले. म्हणजे आवर्तने किती मिळतील हे पाटाच्या गावालाही ऑक्टोबर उलटल्याशिवाय कळत नाही. टेलच्या शेतकऱ्याला तर त्याहून उशिरा.

त्यामुळे ज्या सभासदांचा ऊस फक्त विहिरीवर आहे, त्यांनी आडसालीचा आग्रह कमी करून पूर्वहंगामी किंवा सुरू लागणीकडे वळावे, अशी आमची शिफारस आहे. आडसालीपेक्षा उतारा थोडा कमी पडेल. परंतु लागण करताना विहिरीत किती पाणी आहे हे आपल्याला माहीत असेल. एप्रिलमध्ये वाळणाऱ्या साठ टनांच्या उसापेक्षा हाती येणारा पंचेचाळीस टनांचा ऊस केव्हाही चांगला.

उपग्रह काय पाहतो, काय पाहत नाही

अलीकडे वरून पाहण्याची सोय झाली आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांच्या अंतराने फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! हिरवा पट्टा कोठे आहे, तो वाढतो आहे की पिवळा पडतो आहे, हे त्यावर दिसते. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा रडारचा उपग्रह कामाला येतो. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आहे, तेथे राज्याचे असे नकाशे तयार होतात.

परंतु उपग्रहाला विहिरीचा तळ दिसत नाही. कणगीत किती दाणे उरले ते दिसत नाही. ऊस आणि गजराज गवत यांत तो कधीकधी गल्लत करतो. कोणाच्या विहिरीत चार भावांचा वाटा आहे आणि कोणाची पाळी आठवड्यातून एकदाच येते, हे तर त्याला कधीच कळणार नाही. ते गावालाच माहीत असते. म्हणून वरचा नकाशा आणि खालची माहिती एकत्र आणावी लागते.

याचाही धडा जिल्ह्यातच आहे. १९९३ साली नगर येथे स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने आणि भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने संगमनेर भागात दरेवाडीसारख्या गावांत जी कामे केली, त्यांत गटागटावर जाऊन, शेतकरी नवरा-बायकोला बरोबर घेऊन, कोणत्या तुकड्यात बांध, कोठे झाड, कोठे गवत हे जागेवर ठरवले जाई. नकाशा अगोदर कचेरीत काढून गावावर लादला नाही. म्हणूनच पुढे लोकांनी तो आपला मानला.

तीन नकाशे

आपल्या गावांसाठी आम्ही तीन नकाशे सुचवतो. गावाचा जुना गटनकाशा मोठा करून घ्यावा. शाळेच्या भिंतीवर रंगवला तरी चालेल.

पहिला पाण्याचा. सर्व विहिरी, बोअर, बंधारे, चारी यांवर खुणा करा. गावाच्या चारी अंगांनी पाच-सहा विहिरी निवडा. दोरीला गाठी मारून दर महिन्याला पातळी मोजा. एक साधा पर्जन्यमापक बसवा. दहावीच्या मुला-मुलींना हे काम सहज जमते.

दुसरा पिकाचा. उसाची नोंद कारखान्याकडे आहेच. ती गावापुरती संकलित करून देण्याबाबत आम्ही कारखान्याकडे आग्रह धरू. बाकीची पिके ई-पीक पाहणीतून आणि शिवारफेरीतून भरता येतील. एकच ऊस दोन कारखान्यांच्या वहीत नोंदवण्याची रीत काही ठिकाणी आहे. गावाच्या भिंतीवर मात्र एका गटात एकच रंग बसतो, हाही एक फायदाच.

तिसरा पोटाचा. हा नकाशा बायाबापड्यांशिवाय होणार नाही. कोणत्या वस्तीवर वर्षाची ज्वारी-बाजरी घरची, कोठे सारे दुकानातून. भाजीपाला बांधावर आहे की आठवडे बाजारातून. डाळ घरची की विकतची. वैरण किती महिन्यांची. उन्हाळ्यात कोणत्या वस्तीला टँकर लागतो. उसाच्या हिरव्यागार पट्ट्यात राहणाऱ्या घरात भाजीची जुडी विकत येते, हे या नकाशात दिसेल. ज्या घराला जमीनच नाही, तेही याच नकाशात दिसेल. पहिल्या दोन नकाशांत त्याला जागा नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साहाय्याने गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रींमध्ये त्यांचेही नाव होते. कोणते वाण कोणत्या जमिनीत येते, कोणत्या घरी त्याचे बी आहे, हे ज्ञान बायांकडेच राहिले होते. मुद्दाम विचारले तर ते गावाच्या कामी येते.

तिन्ही नकाशे तयार झाले की दसऱ्यानंतर, रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर, एक ग्रामसभा केवळ यासाठी घ्यावी. आकडे मोठ्याने वाचावेत. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग दाणे व वैरण, आणि त्यानंतर ऊस, असा क्रम लावावा.

दोन शंका

शिवारात फिरताना दोन शंका आमच्या कानावर येतात. पहिली अशी की, "विहिरीचं पाणी लिहून दिलं, उद्या त्यावर पट्टी बसली तर?" त्यावर उपाय साधा आहे. हा नकाशा गावाचा आहे, तो गावातच राहील. कोणाला नाव घालायचे नसेल तर गट नंबर पुरे.

दुसरी शंका जास्त खरी आहे. "मी ऊस कमी केला आणि शेजाऱ्याने वाढवला, तर माझ्या वाटचं पाणी त्याच्याच उसाला जायचं ना?" होय, तसेच होईल. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकट्याने शहाणे होण्यात येथे तोटाच आहे. म्हणूनच हा हिशेब घरात करून उपयोग नाही, तो चारचौघांत करावा लागतो. हिवरे बाजारच्या नियमामागचे बळ तेच आहे: नियम सर्वांना एक, आणि आकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा लहान-लहान शेतकऱ्यांनी आपला ऊस एकत्र मोजायला काढला. आता पाणी एकत्र मोजण्याची वेळ आली आहे.

ज्या गावांना हे काम करावयाचे असेल, त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आपल्या गटातील शेतकी कार्यालयात कळवावे. नकाशा मोठा करणे, पातळी मोजण्याची वही आखून देणे आणि ताळेबंद मांडायला बसणे यासाठी आम्ही व आमचे सहकारी येऊ. पावसाळा संपण्याअगोदर निदान दोरीच्या गाठी मारून ठेवाव्यात, ही विनंती.